अर्धं-अर्धं

बुद्धभूषणने पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या कडेला लावला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि पडदा उजळायच्या आत एफ-बाराचं बटण भराभर दाबत राहिला. शेजारच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली सृष्टी त्याच्या बोटांकडे बघत होती.

"एवढ्या घाईने का दाबायचं, पप्पा?"

"क्षणभरच वाट बघतं ते. तेवढ्यात सांगितलं नाही, तर आपलं नेहमीचं विंडोज उघडून मोकळं होतं."

पडद्यावर यादी उमटली. त्याने पेनड्राइव्हवर खूण नेली आणि मग खुर्चीत जरा मागे टेकला. जेल रोडवरच्या या घरात तो दीड वर्षाने बसला होता. टेबल तेच होतं, पण खिडकीकडून भिंतीकडे सरकवलेलं. बाबासाहेबांच्या फोटोला नवी फ्रेम होती. पडदे बदलले होते. आल्या आल्या त्याने सवयीने चपला दाराआड ठेवल्या आणि मग काहीतरी आठवून परत उचलून बाहेर, पाहुण्यांच्या जागी, काढून ठेवल्या. सृष्टीने ते पाहिलं होतं.

अंजलीची, म्हणजे सृष्टीच्या आईची, आज रविवारीही दुपारपर्यंत ड्युटी होती. ती एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. ती घरी नसताना त्याने यावं आणि यायच्या आत निघावं, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तिघांनाही ते ठाऊक होतं.

दोघांचं भांडण असं कधी झालंच नाही. तो नाशिकरोडला ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा तो बंद पडला, आणि त्यानंतर तो घरात बसून राहू लागला. अंजली विचारायची, काय झालं, कुठे अर्ज केला का, जेवायला वाढू का. तो मानेने उत्तर द्यायचा. पुढे पुढे मानही हलेनाशी झाली. भिंतीशी बोलून बोलून माझा घसा दुखायला लागलाय, असं तिने एकदा अगदी शांतपणे सांगितलं आणि त्याने तेही नुसतं ऐकून घेतलं. मग त्याला पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम लागलं. द्राक्षांच्या खोल्यांचं तापमान पडद्यावर बघत बसायचं. आकडा वर सरकला की फोन करायचा. राहायला मागेच खोली होती. थंडी पाडणाऱ्या यंत्रांची घरघर तिथे कधी थांबत नसे. सुरुवातीला त्याला वाटलं, बरं आहे, कुणाशी बोलावं लागत नाही. आता आता कधी तो हायवेवर टेंपोवाल्यांच्या चहाच्या टपरीशी जाऊन उभा राही. चहा नको असला तरी. माणसांची बोलणी कानावर पडत.

रविवारी तो सृष्टीला भेटायचा, बिटको चौकाजवळच्या रसाच्या दुकानात. अभ्यास कसा चाललाय, तो विचारायचा. चांगला, ती म्हणायची. ग्लास रिकामे झाले की दोघंही रस्त्याकडे बघत बसायचे. त्या भेटीही आखडत चालल्या होत्या. म्हणून परवा तिचा फोन आला आणि ती म्हणाली की लॅपटॉपवर लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकून द्या, विंडोजही राहू द्या, कॉलेजात लागतंय, तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी नवा पेनड्राइव्ह आणला आणि खोलीवर स्वतःच्या जुन्या मशीनवर दोनदा करून पाहिलं.

"जागा किती द्यायची याला?" त्याने आता विचारलं. "विंडोजला जास्त लागेल. तुझं सगळं तिकडेच आहे. हे कोपऱ्यात थोडक्यात भागवून घेतं."

"अर्धं-अर्धं करा."

"एवढं कशाला? उगाच मोकळं पडून राहील."

"राहू द्या. अर्धं-अर्धंच करा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती नखावरचा रंग खरवडत होती. त्याने डिस्कचे दोन सारखे भाग केले.

पुढचं काम मशीनच करत होतं. हळूहळू सरकणाऱ्या पट्टीकडे बघत सृष्टी त्याला कॉलेजातल्या गमती सांगू लागली. एका मैत्रिणीचं नाव तिने इतक्यांदा घेतलं की ती मुलगी त्याला ओळखीची वाटू लागली. रसाच्या दुकानात ती एवढं कधी बोलली नव्हती. मध्येच उठून तिने शेंगदाण्याचा लाडू आणून दिला. तो त्याने बराच वेळ पुरवून खाल्ला.

शेवटी लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर एकाखाली एक दोन्ही नावं आली. सृष्टी हसली. त्याने आधी लिनक्स उघडून दाखवलं, छान चाललं. मग परत येऊन विंडोज निवडलं, आणि पडदा निळा झाला. डिस्क कुलूपबंद आहे, उघडण्यासाठीचा आकडा टाका, असं त्यावर लिहिलेलं होतं.

नव्या लॅपटॉपला हे कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि अशा कामाआधी ते काढायचं असतं, हे त्याने वाचलं होतं. त्याचं स्वतःचं मशीन जुनं. तिथे ते आडवं आलं नाही, आणि इथे ते बघायचंच राहिलं.

"पप्पा, उद्या सबमिशन आहे माझं. सगळं त्यातच आहे."

"जात नाही काही. आकडा अकाउंटात असतो, तो मिळाला की उघडेल. लॅपटॉप घेतला तेव्हा अकाउंट कुणाच्या नावाने काढलं होतं?"

"आईच्या."

ती फोन हातात घेऊन उभी राहिली. करायचा की नाही, हे त्याने सांगावं म्हणून थांबली होती. तो सांगणार एवढ्यात दाराला किल्ली लागली.

अंजली आत आली. खांद्यावरची पर्स तशीच ठेवून तिने टेबलाकडे, निळ्या पडद्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता. काय झालं ते सृष्टीने एका दमात सांगितलं. अंजलीने काही न विचारता पर्समधून फोन काढला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. कुठे जायचं, काय दाबायचं, तो सांगत गेला. ती दाबत गेली. आकडा सापडला. तो भला लांब होता, सहा-सहा अंकांच्या तुकड्यांत तोडलेला.

"वाचू?"

"वाच."

ती एकेक तुकडा वाचू लागली, औषधाची मात्रा सांगावी तशी, सावकाश आणि स्पष्ट. तो प्रत्येक तुकडा ऐकायचा, तिला परत म्हणून दाखवायचा आणि मग टाकायचा. एकदा त्याने तीनच्या जागी दोन म्हटलं. "तीन," ती म्हणाली. "तीन," तो म्हणाला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. शेवटचा तुकडा आला तेव्हा तिचा आवाज जरा हळू झाला, की त्यालाच तसं वाटलं, कोण जाणे.

विंडोज उघडलं. सृष्टीने आपलं काम जागेवर आहे हे तपासलं, सुस्कारा टाकला आणि दूध संपलंय म्हणत पायांत चपला सरकवून खाली गेली. दूध आणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बुद्धभूषण पेनड्राइव्ह खिशात टाकून बरोबर आणलेली एक्स्टेन्शनची वायर गुंडाळू लागला.

"तिच्या कॉलेजात हे लागत नाही," अंजली म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"तिच्या मॅडमना विचारलं होतं मी. फोनवर. यंदा काही नाही, पुढच्या वर्षी लागेल, आणि तेही लॅबमध्ये आहे, म्हणाल्या."

"कधी विचारलंस?"

"ती तुम्हाला फोन करायच्या आधी. लागतंय असं आधी मलाच म्हणाली होती."

ती वायरीच्या गुंडाळीकडे बघत होती. त्याने उरलेली वायर गुंडाळली. अंजली जरा वेळ थांबली. मग हाताचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि उठून तोंड धुवायला गेली. बेसिनवरचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. त्याने वायर आपल्या पिशवीत भरली. निघायला हरकत नव्हती. पिंपळगावची बस मिळाली असती.

जिन्यावर पावलं वाजली. सृष्टी पिशवी हलवत दारात आली, तिने त्याच्या पायाशी भरून ठेवलेली पिशवी पाहिली आणि तिथेच उंबऱ्यावर थांबली.

"झालं का सगळं, पप्पा?"

अंजली टॉवेलने तोंड पुसत बाहेर आली होती. दोन्ही सिस्टिम चालू झाल्या आहेत, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"नाही," बुद्धभूषण म्हणाला. "अजून बरंच राहिलंय. दोन-तीन रविवार तरी लागतील."

सृष्टीने आईकडे पाहिलं. अंजलीने टॉवेलची घडी केली, ती खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि लेकीच्या हातातून दुधाची पिशवी घेतली.

"मग पुढच्या वेळी दुपारनंतर या," ती म्हणाली. "मी घरी असते."