माझ्या कुशीतली खिडकी

मी एक गाय आहे, आणि माझ्या डाव्या कुशीला खिडकी आहे. डोळे विस्फारू नका! जावा बेटावरच्या एका पशुवैद्यक कॉलेजात मला भूल देऊन पोटाला भोक पाडलं आणि त्याला रबरी बूच बसवलं. जखम केव्हाच भरली. आता पोरं-पोरी बूच काढतात, कोपरापर्यंत हात आत घालतात आणि गवताचं पुढं काय होतं ते शिकतात. मी तेव्हा रवंथ करत असते. परीक्षेचं टेन्शन त्यांना, मला कसलं?

मला चीड एकाच गोष्टीची, ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांची. त्यात पहिला नंबर शेजारच्या बू वार्तिनीचा; इकडं बाईला मानानं ‘बू’ म्हणतात. रोज कुंपणापाशी येऊन ती आमच्या कॉलेजच्या डॉक्टर एन्दांगबाईंना झाडायची, "बाईमाणूस असून मुक्या जनावराचं पोट उघडं ठेवता? हात कसे झडत नाहीत तुमचे!" मग मला केळीची सालं द्यायची आणि डोळे पुसायची. सालं गोड लागायची, पण ते रडगाणं अगदी नको व्हायचं.

पुढं तिच्या मुलीचं लग्न झालं. उरलेला भात बाईनं मायेनं आपल्या गायीला, लेगीला घातला. थोडाथोडका नाही, पातेलंभर! तो पोटात आंबला आणि लेगी बसली ती उठेना. डॉक्टरबाईंनी तिला कॉलेजात आणवलं, पोट धुतलं, सोडा पाजला, सलाइन लावलं. धुगधुगी आली, पण चाऱ्याला काही ती तोंड लावेना.

"चारा पचवणारे बारीक जीव मेलेत तिच्या पोटातले," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या आमच्या गायीच्या पोटातलं पाणी तिला पाजू."

"ह्या बिचारीचं ओरबाडून? नको हो बाई, पाप लागेल!"

"बू, मग लेगी हातची जाईल."

तरी वार्तिनी माझ्याच कुशीकडं बघून डोळे पुसायला लागली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. तिकडं एक गाय मरतेय आणि हिला माझी दया सुचतेय! मी दोरी ताणली, वळले आणि डावी कूस सरळ तिच्या तोंडापुढं आणली.

"घाला हात," डॉक्टरबाईंनी तिला लांब हातमोजा दिला. "दुखलं तर लाथ घालेल की ती."

वार्तिनीनं डोळे मिटून हात आत घातला. मी खुशाल रवंथ करत राहिले.

"अगं बया! आत किती ऊन ऊन आहे... आणि ही तर चघळतेय!" ती हसता हसता रडायला लागली. मग तिनंच मूठमूठ चोथा काढून बादलीत पिळला.

ते पाणी नळीनं लेगीला पाजलं. दुसऱ्या दिवशी तिनं गवताची काडी ओढली, संध्याकाळी रवंथ धरला. वार्तिनी तिच्या गळ्यात पडली.

आता माझे दात झिजलेत. ऑफिसातले म्हणतात, म्हातारी झाली, काढून टाका. काढा की! लेगीनंतर कितीतरी गोठ्यांत माझं पाणी गेलंय. तिथल्या गायी आज जो घास पचवतात, त्यात माझा वाटा आहे. तो कसा काढणार, सांगा ना!