वायर कापल्यावर

"विज्ञानाला अशक्य असं काही नाही!" पिठाच्या चाळणीच्या मधोमध वायफायचा अँटेना बसवून ती खिडकीत टांगत काकांनी गर्जना केली, आणि घराचा फ्यूज उडाला.

पंखा थांबला. धाकटी बहीण पदरानं वारा घेत म्हणाली, "दादा, पुरे झाले उद्योग. वहिनी गेली, आता इथं कुणासाठी राहायचं? चल माझ्याकडे."

कुणासाठी, हेच काकांना सांगता येत नव्हतं. उठायचा कंटाळा म्हणून त्यांनी कामाच्या टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत घरगुती इंटरकॉम बसवला होता आणि त्यावरून चहा मागवण्यात आयुष्य काढलं होतं. काकू गेल्यापासून त्याच्या स्पीकरमधून रोज दुपारी रिकाम्या स्वयंपाकघरातले डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज यायचे. आत्ताही आले.

"वायर सैल झाली असेल," बहीण म्हणाली. "कापून टाक. आवाज थांबला तर येशील ना?"

"येईन."

काकांनी जड हातानं वायर कापली, सेल काढून बहिणीच्या हातात दिले. स्पीकर टेबलावर मुडद्यासारखा पडला. बहीण हुश्श करून त्यांची बॅग भरायला उठली.

तेवढ्यात स्पीकरमध्ये डब्याचं झाकण वाजलं. बहिणीनं मूठ उघडून पाहिली. सेल तिच्याच हातात होते. पाठोपाठ काकांच्या ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"अहो," स्पीकर म्हणाला, "राहायचं तर राहा, जायचं तर जा. माझी चाळणी मात्र तेवढी धुऊन जागेवर ठेवा."