डावीकडनं मोकळं

"अगं, क्लच! हळू सोड म्हटलं, फेकून दे नाही म्हटलं!"

मोटरसायकलने एक उसळी मारली, चार हात पुढे गेली आणि बंद पडली. सकाळपासूनची ही सहावी वेळ. बंद पडलेल्या कारखान्याच्या त्या ओसाड मैदानात दिव्याचा एकच खांब उरला होता आणि ती दोनदा बरोब्बर त्यालाच जाऊन भिडली होती.

"एवढं मोठं मैदान, आणि तुला तो खांबच सापडतो," नवरा म्हणाला. "सोयरीक जुळवायची आहे का त्याच्याशी?"

"अहो, मी त्याला चुकवायलाच बघते."

"बघतेस ना? तिथंच तर घोडं पेंड खातंय. ज्याच्याकडे बघशील त्याच्यावरच जाशील."

ती सत्तेचाळीस वर्षांची. शाळेत असताना चालवलेली सायकल सोडली, तर तिने आयुष्यात फिरवलं ते फक्त शिवणयंत्राचं चाक. पंचवीस वर्षं घरी बसून ती शाळांचे गणवेश शिवत होती. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. अख्खी वस्ती त्याला पंपदादा म्हणायची. कुठल्याही इमारतीचं पाणी बंद झालं की पंपदादा हजर. पंप सुरू करायला लावायचा, वाकून कान द्यायचा आणि उघडण्याआधीच सांगायचा, "बेअरिंग गेलंय." पण पानेपकडींची ती जड पिशवी घेऊन दिवसाला सहा-सात ठिकाणी पोचायचं तर बुडाखाली गाडी हवीच.

दोन महिन्यांपूर्वी तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकटाच परत आला. "थोडं कमी झालंय," म्हणाला. "उन्हात दिपतं. गाडी नको म्हणालेत."

पुढचे पंधरा दिवस तो घरी बसला. त्याने भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळ तीनदा उघडून बसवलं. पंपाच्या कामासाठी फोन आला की "सध्या जमणार नाही" म्हणायचा आणि पानेपकडी पुसत बसायचा. जेवण निम्म्यावर आलं. ती यंत्रावर बसून हे सगळं बघत होती. हा माणूस असाच घरी बसला तर वर्षभरात गंजून जाईल, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून एका संध्याकाळी तो अर्धवट थट्टेत म्हणाला, "तू चालव, मी मागे बसतो," तेव्हा तीही हसली, आणि रात्रभर कूस बदलत राहिली. पण सकाळी तिनेच त्याला विचारलं, "कुठून सुरुवात करायची?"

"शिवताना कुठं बघतेस तू?" खांबाच्या दुसऱ्या भेटीनंतर त्याने विचारलं. "सुईकडे?"

"छे! सुईकडे बघितलं तर शिवण वाकडी जाते. पुढच्या कापडाकडे बघायचं."

"मग बाईसाहेब, इथं काय वेगळं आहे? चाकाकडे बघू नकोस, खांबाकडे तर नकोच. जिथं पोचायचं तिथं बघ."

त्यानंतर खांबाची आणि तिची गाठ पडली नाही. तो मास्तर मात्र खाष्ट होता. निघण्याआधी हेल्मेटचा पट्टा स्वतः तपासायचा. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच ढील. ब्रेक हाताचा आणि पायाचा, दोन्ही एकदम, पण अलगद. "नुसता हाताचा ओढलास तर गाडी तोंडघशी पाडेल," हे तर त्याने शंभरदा सांगितलं असेल. मैदानात तिला ते जमायचं. पण पंचवीस वर्षं यंत्र थांबवायची तिची रीत वेगळी होती. पाय उचलायचा आणि उजव्या हाताने चाक दाबून धरायचं. अंगात मुरलेलं असं सहजासहजी जात नाही.

तिसऱ्या आठवड्यात शिकाऊ परवाना हातात आला आणि ते रस्त्यावर आले. तो मागे, त्याचा हात तिच्या खांद्यावर. मैदानाच्या फाटकाबाहेरच्या वळणावर ती थांबली.

"डावीकडनं मोकळं," तो म्हणाला. "काढ."

तो इतक्या ठामपणे म्हणाला, की तिने मान वळवलीच नाही. लग्नापासून ती त्याच्या मागे बसत आली होती, कधी पेंगत, कधी डोळे मिटून. त्याने मोकळं म्हटलं म्हणजे मोकळं.

डावीकडून दुधाचे कॅन लावलेली सायकल थेट समोर आली. तिने पाय उचलला आणि उजव्या हाताने होता नव्हता तेवढा जोर लावला. पुढचं चाक खडीवरून सटकलं आणि दोघंही रस्त्यावर आपटली.

"काय हो बाई, डोळे फुटले का?" दूधवाला ओरडला. तो पडला नव्हता, पण घाबरून पांढरा पडला होता.

"चुकलं दादा. माझंच चुकलं," ती म्हणाली.

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो रस्त्यात बसून चष्मा शोधत होता. चष्मा त्याच्या डाव्या गुडघ्याला जवळजवळ टेकून पडला होता, आणि तो समोरची माती चाचपत होता. मग त्याने अख्खी मान वळवली, तेव्हा कुठे तो त्याला दिसला. जेवताना कलंडणारे पेले, दाराच्या चौकटीला आपटणारा खांदा, आणि "लक्ष कुठंय तुमचं?" म्हणून आपलं खेकसणं, सगळं तिला एकदम आठवलं. स्वतःच्या खरचटलेल्या हातापेक्षा ते जास्त झोंबलं.

घरी जाऊन त्याची जखम धुताना तिने विचारलं, "डॉक्टर नक्की काय म्हणाले? खरं सांगा."

तो बादलीकडे बघत म्हणाला, "नाकासमोरचं दिसतं. दोन्ही बाजूंचं गेलंय. गेलेलं परत येत नाही म्हणाले. थेंब घालून उरलेलं राखायचं, राहील तेवढं."

"आणि तुम्ही मला मोकळं म्हणून सांगितलंत? त्या माणसाचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?" तिचा आवाज चढला. इतकी ती त्याच्यावर कधी चिडली नव्हती.

"मला मोकळंच दिसलं गं," तो म्हणाला.

तिने त्याच्या कोपराला पट्टी बांधली, नको तितकी घट्ट, मग सोडून पुन्हा बांधली. हात धुतले. यंत्रावर बसली आणि एकही टाका न घालता उठली.

"उद्या सहा वाजता मैदानात," ती म्हणाली. "ब्रेक पुन्हा शिकायचाय मला."

दोन विटा मांडून तिने रोज चाळीसदा गाडी थांबवली. हात आणि पाय, एकदम, अलगद. थांबताना पाय उचलायची सवय मोडली तशी यंत्रावरची शिवण दोन-तीनदा बिघडली, तेव्हा ती स्वतःशीच हसली. पक्क्या परवान्याच्या परीक्षेच्या दिवशी साहेबाने आठचा आकडा काढायला लावला. तिचा पाय जमिनीला लागला नाही.

कामं पुन्हा सुरू झाली. पुढे ती, मागे पिशवी मांडीवर घेऊन पंपदादा, एक हात तिच्या खांद्यावर. वळण आलं की तो अख्खी मान फिरवायचा, जरा वेळ घ्यायचा आणि म्हणायचा, "डावीकडनं मोकळं." त्याला नको म्हणायचा धीर तिला झाला नाही. ती "हो" म्हणायची आणि मग हळूच स्वतः बघून घ्यायची. तेवढाच त्याचा मान. त्याला कुठे कळतंय, असं तिला वाटायचं.

पण त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. कान लावून बेअरिंग ओळखणाऱ्या माणसाच्या हाताला बायकोची मान वळलेली कळणार नाही, असं कसं होईल?

एका सकाळी ते त्याच फाटकाबाहेरच्या वळणावर आले. ती थांबली. इंजीन धडधडत होतं. सवयीने ती वाट बघत राहिली. मागून काहीच आलं नाही.

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"मोकळं आहे हो," ती म्हणाली.

"मग काढ की," तो म्हणाला. आणि त्याने तिच्या खांद्यावरचा हात काढून मांडीवरच्या पिशवीवर ठेवला.