अंगदचा पिक्चर

पडद्यावरच्या मुलानं न्हाणीघरात शिरून नळ पूर्ण सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून तो रडू लागला. बाहेर रांगेत ताटकळलेले फ्लॅटमधले चौघे दार बडवत होते. परभणीचं ते थिएटर हसून हसून उसळलं.

महांतेश हसला नाही. तो नळ, तो इंग्लंडात शिकायला होता तेव्हाच्या, लीड्सच्या फ्लॅटमधला होता. तेव्हा दाराबाहेर उभा राहणारा अंगद आता सिनेमे लिहीत होता. राणीसावरगावचा हा लेखक आपला दोस्त, हे महांतेशनंच सोनपेठच्या दुकानात आल्यागेल्याला सांगितलं होतं. आईलाही तोच हौसेनं घेऊन आला होता.

शेजारी आई, सिद्धम्मा, पदर तोंडाला लावून हसत होती.

"अगदी तुझ्यावानी बोलायलाय बघ त्यो."

"आपल्याकडचा दाखवलाय ना," महांतेश म्हणाला. "चल, निघू का? लय गरम होयलंय."

"बस की. आत्ता कुठं रंग भरायलाय."

मध्यंतरानंतर तो मुलगा परीक्षेत नापास झाला. घरी काय सांगायचं, म्हणून उशीत तोंड खुपसून पडला. तेवढ्यात गावाकडून फोन आला. वडील पाय घसरून पडले होते. मुलगा गादीवर उभा राहिला, "सुटलो!" म्हणून ओरडला आणि फ्लॅटभर नाचला. मग घसा खाकरून रडवेल्या आवाजात फोनवर म्हणाला, "तुमच्यासाठी शिक्षण सोडून येतो, बाबा."

शिट्ट्या पडल्या. महांतेशनं मान वळवली नाही. शेजारचं हसू थांबलेलं त्याला नुसतं कळलं.

सिनेमातला बाप शेवटी मुलाच्या वरातीत नाचला. महांतेशचे वडील सांबप्पा मात्र तसेच पडले ते पुन्हा उठलेच नव्हते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते खाटेवरून एकच सांगत, "माझ्यापायी पोराचं शिक्षण मोडलं." मुलानं भरवलेला घास खाली मान घालून, अपराध्यासारखा घेत. ते जाईपर्यंत महांतेश त्यांना भरवत राहिला होता.

बाहेर आल्या आल्या अंगदचा फोन आला. सिद्धम्मानं हात पुढं केला.

"काकू, हसलात का न्हाई?"

"हसले की. सगळेच हसले."

"महांतेशला राग न्हाई ना आला? थोडं त्याचं घेतलंय मी."

"ते 'सुटलो' म्हणून नाचणं, ते तुझ्या मनचं हाय का रे?"

अंगद पलीकडून उगाच हसला.

"काकू... पिक्चर हाय ओ. लोकाला हसवावं लागतंय."

"बरं बाबा." तिनं फोन महांतेशच्या हातात दिला आणि ती चालू लागली.

स्टँडच्या फाटकाशी त्यानं तिला गाठलं.

"आई, तसं न्हाई ते..."

"आप्पाला सांगायचं होतंस," ती समोर बघत म्हणाली. "चार शिव्या दिल्या असत्या. पण निवांत गेले असते."

सोनपेठची गाडी लागलेली होती. महांतेशनं पुढं जाऊन खिडकीची जागा धरली, तिच्यासाठी शेजारी रुमाल टाकला आणि हाक मारली. सिद्धम्मा पुढच्याच एका बाकाशी थांबली. तिथल्या अनोळखी बाईला "सरक गं माय" म्हणून तिच्याजवळ टेकली.

कंडक्टर आला. तिनं कमरेची पिशवी सोडली.

"एक सोनपेठ," ती म्हणाली.