सोळा रात्रपाळ्या

मागितलं त्याहून जास्त मिळालं, तेव्हाच अश्विनीच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

मंचरजवळच्या एका दूध प्लांटच्या लॅबमध्ये ती सहा वर्षं टँकरच्या दुधाचे नमुने तपासत होती. पाणी, युरिया, साखर, काय मिसळलंय ते हटकून शोधायची. पण मार्चमध्ये एचआरच्या सयाजीने पुढ्यात ठेवलेला कागद मात्र तिला तपासता आला नाही.

"वर्साला दोन लाख चाळीस मागत व्हत्या ना ताई तुमी?" सयाजी म्हणाला. तो शेजारच्याच गावचा, तिच्या लग्नात वाढायला उभा राहिलेला. "साहेबांना गळ घालून दोन चौसष्ट करून आणलं."

तिने जागच्या जागी सही केली. नवऱ्याने, भरतने, गावात, निरगुडसरला, चार घरी पेढे वाटले.

एप्रिलचा पगार जमा झाला आणि तिला वाटलं, मोबाइलच चुकीचं दाखवतोय. आधी रात्रपाळीच्या भत्त्यासकट सतरा हजार सहाशे हातात यायचे, आता सोळा हजार नऊशे. पगारपत्रक काढून पाहिलं. पीएफमधला कंपनीचा वाटा तिच्याच पॅकेजात, ग्रॅच्युइटीही त्यातच. व्हॅनचे बाराशे कापलेले. दोन वर्षांपूर्वी फाट्यावर उसाच्या कडेला बिबट्या बसलेला दिसला, तेव्हा सगळ्या बाया पाळीवर न जाता गेटजवळ बसून राहिल्या आणि मग कुठे ही व्हॅन फुकटात सुरू झाली होती. एका रात्रीला दोनशे रुपये मिळायचे, त्या ओळीपुढे आता नुसतं 'समाविष्ट' लिहिलं होतं.

एवढंही तिने गिळलं असतं. पण दोन दिवसांनी मे महिन्याचं पाळ्यांचं वेळापत्रक फळ्यावर लागलं. महिन्याला फार तर दहा रात्री असायच्या. या खेपेला तिच्या नावापुढे सोळा होत्या.

ती तशीच, अंगात पांढरा कोट ठेवून, सयाजीच्या केबिनमध्ये गेली.

"सोळा कशा काय, सयाजीभाऊ?"

"रोटेशन हाय ताई. माणसं कमी हायेत."

"माणसं गेल्या वर्षीपण कमीच व्हती. तवा रात्रीचे दोनशे द्यावे लागत व्हते, म्हणून दहाच लावत व्हता. आता फुकट झाल्यात, म्हणून सोळा."

सयाजीने कॉम्प्युटरवरची नजर हलवली नाही. "पॅकेज बघा ना ताई. हातात किती येतं त्याच्यावर जाऊ नका."

"किराणावाल्याला पॅकेज दाखवू का मी? मला जुनंच द्या परत."

"तुमी सही केलीय. सिस्टिममधी बसलंय ते, पुढच्या एप्रिलपत्तोर हलत न्हाई."

सयाजीवरच्या रागापेक्षा तिला स्वतःचीच चीड जास्त आली. सयाजीने उठून दार लोटून घेतलं आणि आवाज बारीक केला.

"एक करता येईल. तुमाला शिफ्ट इन्चार्ज करतो. महिना हजार जादा, रात्री आठच. फक्त सोमवारी तुमच्या लॅबमधल्या जानकू, अंजना आन् गेणभाऊंना अशीच पत्रं मिळायचीत. त्यांची सही होईस्तोवर तुमी काय बोलायचं न्हाई. माझंबी पॅकेजच हाय ताई. ह्या सह्या झाल्या तरच मला इन्सेंटिव्ह मिळतं."

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी भरतला सांगितलं. तो म्हणाला, "घे की. आपलं नुकसान कोण भरून देणारंय?" तिलाही ते पटत होतं.

शनिवारी कॅन्टीनमध्ये जानकू समोर येऊन बसला. तळेघरचा हा पोरगा मंचरला खोली करून राहायचा आणि तिच्याच हाताखाली काम शिकला होता.

"ताई, तुमी सही केली म्हंजी चांगलंच असंल. मी बी वाचत बसत न्हाई."

अश्विनीने चहा अर्धा सोडला. आपल्यावर विसंबून हा डोळे मिटून सही करणार, याचाच तिला राग आला. गप्प राहणं किती सोपं होतं. तिने पर्समधून पगारपत्रक काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"वाच. अंजनाला आन् गेणभाऊंनाबी दाव."

सोमवारी तिघांनीही सही केली नाही. बिबट्याच्या वेळी बाया बसल्या होत्या तसे ते गेटजवळ दोन तास बसून राहिले. नमुने तपासायला कोणी नाही म्हणून बाहेर टँकर खोळंबले, उन्हात दूध तापायला लागलं आणि वरून फोन आला. ज्यांची सही झाली नाही त्यांना जुन्याच अटी, रात्रीचे दोनशे चालू, व्हॅन फुकट.

अश्विनीची सही झालेली होती. तिच्यासाठी काहीच बदललं नाही. इन्चार्जपद अंजनाला गेलं. सयाजी आता अश्विनीला ताई म्हणेना, "मॅडम" म्हणू लागला.

जानकू तांदळाची पिशवी घेऊन लॅबच्या दाराशी आला. "आईनं दिलेत. तुमच्यामुळं वाचलो, ताई."

तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र असं की ही पिशवी भिंतीवर भिरकावून द्यावी. तिने ती घेऊन टेबलाखाली ठेवली.

मग साधा कागद काढून तिने अर्ज लिहिला: मला महिन्यात दहाच्या वर रात्रपाळ्या लावू नयेत, लावल्यास लेखी कारण द्यावे. ऑफिसात जाऊन पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. क्लार्क म्हणाला, साहेब आल्यावर बघू.

"मी थांबते," म्हणत ती बाकावर बसली. तिची पाळी सुरू व्हायला अजून दीड तास होता.