विमानाला तेल पाजणारा पंप

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी पाण्याचा पंप नाही. आमच्या शिरूर तालुक्यात पंप म्हटलं की माणसं एक तर विहिरीकडे बघतात, नाहीतर औषध फवारायच्या टाकीकडे. मी त्या घराण्यातला नव्हे. मी एक जुना, मुठीत मावेल एवढा, ॲल्युमिनियमच्या अंगाचा हातपंप आहे. मला एक हँडल आहे आणि दोन तोट्या आहेत. हँडल उजवीकडे फिरवलं की डब्यातलं तेल छोट्या विमानाच्या टाकीत जातं. डावीकडे फिरवलं की टाकीत उरलेलं तेल बाहेर येतं. काम एवढंच, पण त्यावर कोणाचं तरी विमान आभाळात जातं, म्हणून मला थोडा ताठा आहे. तेवढा सोसून घ्या.

विमान म्हणजे माणसं बसतात ते नव्हे. दोन्ही हातांत उचलता येईल असं, हलक्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं. ते महेंद्रने स्वतः बनवलं होतं. महेंद्र दौंडचा, कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. कॉलेजात असताना एनसीसीत त्याने असलं विमान पाहिलं आणि ते वेड डोक्यात शिरलं ते शिरलंच. त्याचा वर्गमित्र दत्ता इनामगावच्या बाजूला घोड नदीच्या काठी शेती करतो. त्याच्या घरापलीकडे मोठा मोकळा माळ आहे. विमान महेंद्रचं, माळ दत्ताच्या गावचा, आणि रविवार दोघांचा.

मी येण्याआधी या दोघांचे काय हाल होते, ते ऐकण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी दत्ताने डब्यात नळी घातली आणि मोटारसायकलमधून पेट्रोल काढतात तशी तोंडाने ओढायला लागला. महेंद्रने फटकन त्याच्या हातावर मारलं.

"मरायचंय का तुला? मिथेनॉल हाय ते. पोटात गेलं तर डोळे जातील."

मग त्यांनी जनावरांच्या डॉक्टरकडची मोठी सिरिंज आणली. दोन रविवारांत तिचा रबरी दट्टा मिथेनॉलने फुगला आणि आत रुतून बसला. मग दत्ताच्या आईचं, सारजाबाईंचं, नरसाळं आलं. त्यातून तेलाबरोबर भुसाही टाकीत गेला, आणि सारजाबाई ओरडल्या ते वेगळंच. शेवटी दोघं पुण्याला आले, मी ज्या दुकानाच्या काचेमागे बसलो होतो तिथे.

दुकानदाराने आधी बॅटरीवरचा पंप दाखवला. महेंद्र म्हणाला, "माळावर बॅटरी बसली तर काय, विमानाला हातानं भरवू?" मग प्लास्टिकचा दाखवला. दत्ताने तो हातात घेतला आणि हँडलच करकरलं. मग माझी पाळी आली. महेंद्रने माझ्या एका तोटीवर अंगठा दाबून धरला आणि हँडल फिरवलं. अंगठा आत ओढला गेला. म्हणजे माझ्यात कुठे फट नव्हती, हवा गळत नव्हती. त्याने माझ्या आतला वायसर कशाचा आहे, तेही विचारलं. मिथेनॉलला चालतो, पेट्रोलला नाही, असं दुकानदाराने सांगितलं. महेंद्र म्हणाला, "बघ दत्ता, कारखान्यात पहिलं हेच शिकवत्यात. ज्या त्या रसायनाची नळी वेगळी आन् वायसर वेगळा." दत्ताने मान हलवली. दत्ता मान फार छान हलवतो.

महेंद्रचं घर म्हणजे दौंडमधल्या भाड्याच्या दोन खोल्या, त्यात गॅसची शेगडी. तिथे पेटणारं तेल ठेवणं बरं नव्हे. म्हणून मी आणि तेलाचा डबा दत्ताच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, सावलीतल्या फळीवर राहायला लागलो. सारजाबाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्यानं माझी मेथी तरी भिजंल का?"

ते दिवस काय सांगू तुम्हाला. रविवारी सकाळी लांबून मोटारसायकलचा आवाज यायचा. महेंद्र रात्रपाळी करून तसाच यायचा, डोळे तांबारलेले, पाठीवर विमानाची पेटी. माझ्या एका तोटीची नळी डब्यात आणि दुसरीची विमानाच्या टाकीत जायची. मिथेनॉल आणि एरंडेल माझ्या पोटातून गार गार वाहायचं. मग इंजिन तडतडायचं, दत्ता विमान धरून वाऱ्यावर पळायचा आणि सोडून द्यायचा. इनामगावला पांढरीच्या टेकाडात हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडली, ती बघायला शिकलेली माणसं येतात आणि जमिनीकडे बघत फिरतात. आणि हे दोघं माळावर उभे राहून वर बघत बसायचे. गावातली माणसं हसायची. हसू द्या, त्यांच्या बापाचं काय जातं.

सगळ्यात शेवटी माझी सेवा व्हायची. टाकीतलं उरलेलं तेल माझ्याकडून बाहेर काढायचं. मग मला मोकळं फिरवून नळी कोरडी करायची. आत दोन थेंब तेल, तोट्यांवर टोपणं, डब्याचं झाकण घट्ट, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी पितं. दमून गेला तरी महेंद्र यातलं काही चुकवायचा नाही. मला वाटायचं, जन्मभर असंच चालेल.

पण एका शनिवारी साहेबराव नावाच्या शेजाऱ्याची मोटारसायकल दत्ताच्या बांधाशी बंद पडली. पेट्रोल संपलं होतं, आणि मागे त्यांची सून बसली होती, शिरूरला परीक्षेला निघालेली. दत्ता धावत खोलीत आला, मला उचललं, आणि स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल माझ्यातून साहेबरावांच्या गाडीत घातलं. काम चांगलं होतं, सून वेळेत पोचली. पण मला पेट्रोल म्हणजे विष. रात्रीत माझी नळी फुगली, आतला वायसर पिचपिचीत झाला. दत्ताने मला फडक्याने पुसून परत फळीवर ठेवलं होतं.

रविवारी नेहमीसारखं तेल भरलं. महेंद्र झोपेने पेंगत होता, भरलं ते दत्तानेच. माझ्या वायसरचे कण तेलाबरोबर विमानाच्या टाकीत गेले. गाळणी होती, पण ती डब्याच्या बाजूला. माझ्या पोटातला कचरा ती कशी अडवणार? विमान उंच गेलं आणि इंजिन खोकून बंद पडलं. महेंद्रने ते माळावर आणायची धडपड केली. ते उसाच्या फडात पडलं. दोघांनी पाचटात हातपाय कापून घेत ते शोधलं. एक पंख मोडला होता.

महेंद्रने इंजिन खोललं, तेव्हा रबराचे कण बोटाला लागले. मग त्याने मला नाकाशी धरलं.

"दत्ता, ह्यातून पेट्रोल भरलं व्हतंस का?"

"न्हाई," दत्ता म्हणाला.

महेंद्रने बोटावरचे कण पँटला पुसले. मला गवतावर ठेवलं, मोडका पंख आणि विमान पेटीत भरलं आणि गाडीला किक मारली. पंख मोडल्याचं त्याला दुःख होतंच, पण पंख जोडता येतो. तो गेला ते त्या 'न्हाई'मुळे. त्या दिवशी मला कोणी रिकामं केलं नाही, दत्ताने तसंच नेऊन फळीवर ठेवलं.

पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही आला. आधी मला वाटलं, पाळी बदलली असेल. मग वाटलं, सण असेल. माझ्यातलं एरंडेल घट्ट होत होत चिकट डिंक झालं आणि हँडल आवळून बसलं. एका तोटीत कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधलं, तिची पिल्लं उडून गेली, तरी घर तसंच राहिलं. दत्ताची बायको सविता आली आणि माझ्या शेजारी सुतळीची बंडलं रचून गेली. दत्ता खोलीत आला की माझ्याकडे बघायचं टाळायचा. कधी कधी तो फोन हातात घेऊन दारात उभा राहायचा आणि परत खिशात घालायचा. कुठलीही मोटारसायकल वाजली की मी कान टवकारायचो. मला कान नाहीत, पण तुम्हाला समजलं असेल. महेंद्रच्या अंगठ्याची फार आठवण यायची.

गेल्या उन्हाळ्याआधी महेंद्रची बायको करुणा एसटीने इनामगावला आली. सविताने तिला पाणी दिलं, चहा ठेवला. दत्ता शेतातून आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"दत्ताभाऊ, यांना गुजरातेत दहेजला काम लागलंय," करुणा म्हणाली. "आम्ही सगळेच चाललोय. पुण्याचा एक जण विमान विकत घ्यायला येणार हाय. त्याला तेल भरायचं सामान पण पायजे."

दत्ता खोलीतून मला घेऊन आला. ती माझ्याकडे बघून कळवळली. मग म्हणाली, "मला नका देऊ. मी रिकाम्या हातानं जाणार."

"मंग?"

"तुम्हीच आणून द्या. येत्या रविवारी तो माणूस यायचाय, त्याच्या आत. पंख जोडलाय त्यांनी. सहा महिने लागले. आन् जोडून झाल्यावर एकदा पण उडवलं न्हाई. कोणासंगं उडवणार?"

ती गेली. दत्ता मला घेऊन खोलीत गेला. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला.

त्याने मला स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलं. डिंक सुटला, हँडल हललं, आणि मला बरं वाटलं. कुंभारणीची माती काडीने टोकरून काढली. डब्यातलं जुनं तेल पाणी धरून खराब झालं होतं, ते वापरायचा मोह त्याने टाळला. पुण्याच्या त्याच दुकानात तो मला घेऊन गेला. दुकानदाराने दोन नळ्या पुढे ठेवल्या. दत्ता म्हणाला, "मिथेनॉलची द्या. आन् वायसर पण मिथेनॉलचाच." तेलाचा नवा डबा आणि दुसरी गाळणीही घेतली आणि ती गाळणी विमानाच्या बाजूला, माझ्या पुढे बसवली. मग माझ्या तोटीवर अंगठा दाबून हँडल फिरवलं. अंगठा ओढला गेला. दुकानात लोक होते, नाहीतर तो रडला असता. मी मात्र त्याचे भरलेले डोळे पाहिले.

शनिवारी आम्ही दौंडला गेलो. दार महेंद्रने उघडलं. दत्ताने मला पुढे केलं. करुणाच म्हणाली, "आत या, बसा." विमान पलंगावर होतं. महेंद्रने मला घेतलं, तपासलं, नळी बोटांत दाबून पाहिली.

"नळी बरोबर आणलीस. कोणी सांगितलं?"

"तूच. शंभरदा सांगितलं व्हतंस."

महेंद्रने मान खाली घातली. मग दत्ता म्हणाला,

"म्हेंद्या, तवा पेट्रोल मीच भरलं व्हतं. साहेबरावच्या गाडीत घातलं."

"मला म्हाईत हाय. वास येत व्हता. पण तवा का न्हाई बोललास?"

"तू बोलायचं बंद करशील असं वाटलं."

"आन् मंग काय झालं?" महेंद्र म्हणाला. आधी करुणा हसली, मग ते दोघं. हसताना महेंद्रचा आवाज फाटला. त्याने पुण्याच्या माणसाला फोन लावला आणि उद्या येऊ नका, विमान विकायचं नाही, असं सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही माळावर होतो. दत्ताने हँडल फिरवलं, महेंद्रने नळी धरली. माझ्यातून नवं तेल वाहिलं तेव्हा मला किती भरून आलं, ते सांगता येत नाही. दत्ता विमान धरून पळाला. आता तो धापा टाकतो, तरी पळाला. विमान नदीवर गेलं, पांढरीच्या टेकाडाला लांबून वळसा घालून आलं आणि माळावर अलगद टेकलं. डबा संपेपर्यंत त्यांनी ते उडवलं.

आवरताना दत्ताने मला स्वच्छ करून, टोपणं लावून महेंद्रच्या पेटीत ठेवलं. महेंद्रने मला बाहेर काढलं आणि दत्ताच्या हातात दिलं.

"आरं, मंग तिकडं तेल कशानं भरशील?" दत्ताने विचारलं.

"तिकडं न्हाई भरायचं," महेंद्र म्हणाला. "तिकडं उडवायचंच न्हाई."

दत्ताने मला घट्ट धरलं. मोटारसायकल माळावरून उतरून रस्त्याला लागली, तरी त्याने मूठ सोडली नाही.

मित्रांनो, आता मी त्याच खोलीत असतो. दत्ता दर रविवारी मला खाली काढतो. दोन थेंब तेल सोडतो, नळीला चीर पडली का बघतो, गाळणी फुंकतो. तुमच्याकडेही कोणाची वस्तू असेल तर ती अशी जपा. ज्या कामाची आहे त्याच कामाला वापरा, काम झालं की रिकामी करा, पुसा. आणि तुमच्या हातून ती बिघडली, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. रागावलेला माणूस निदान समोर तरी असतो, खोटं ऐकलेला निघून जातो. मी दोन्ही पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

दहेजहून फोन येतो. महेंद्र दिवाळीला येईन म्हणाला होता, पण सुटी मिळाली नाही. आता मेमध्ये बघू म्हणतो. फोन ठेवला की दत्ता माझं हँडल उजवीकडे फिरवतो. डब्यात तेल नसतं, माझ्या तोटीतून नुसती हवा जाते. ती हवा कुठे पोचत नाही, हे मला चांगलं कळतं. तरी मी अंगातला सगळा जोर लावतो.