काजळीने ऐकलेली शिट्टी

मित्रांनो, जुनी शिट्टी म्हटली की तुम्हाला पी.टी.च्या सरांच्या गळ्यातली, आत गोळी खुळखुळणारी शिट्टी आठवेल. मी तशी नाही. मी पत्र्याची एक वाटोळी चकती आहे, मधोमध दुमडलेली, दोन्ही पदरांतून आरपार भोक असलेली. मला दातांमागे, जिभेवर ठेवून वाजवतात. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्रीपर्यंत मालकाचा हुकूम पोचवणे हे माझे काम. माझ्या आयुष्यातला मोठा भाग लाजेचा आहे. तो गाळून सांगितले, तर काजळी नावाच्या कुत्रीवर अन्याय होईल.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. तिथे पत्रा कापणाऱ्या प्रेसवर गाड्यांचे ब्रॅकेट ठोकतात. ब्रॅकेटला भोक पडले की निघालेली चकती भंगाराच्या पिंपात जाते. मीही गेले होते. शेखर नावाच्या ऑपरेटरने जेवणाच्या सुट्टीत मला उचलले, कडांना कानस मारली आणि दुमडून भोक पाडले. परदेशातल्या मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धा तो मोबाइलवर बघत असे. एक माणूस, एक कुत्रा, चार मेंढ्या आणि लांबून येणारी शिट्टी. गावाजवळच्या जनावरांच्या प्रदर्शनात तशीच स्पर्धा सुरू झाली आणि शेखरच्या डोक्यात ती बसली.

सुरुवातीला माझ्यातून नुसती हवा जायची. त्याची जीभ कापायची. कंपनीतून येताना ट्रॅफिकमध्ये अडकला की तो हेल्मेटच्या आत सराव करी. पुढचे दुचाकीवाले दचकून पोलीस शोधत. त्याची बायको पूनम म्हणाली, "घरात कुकरची एक शिट्टी पुरे आहे. ती निदान भात तरी शिजवते."

काजळी हे सोजरबाईंच्या कुत्रीचे पिल्लू, शेखरने मागून घेतलेले. सोजरबाईंचा मेंढ्यांचा कळप कंपन्यांमधल्या मोकळ्या प्लॉटवर उतरतो. शेखर शिफ्ट सुटली की तिथे जाई. काजळीला लांब दोरी बांधून कित्येक महिने त्याने एकच हुकूम शिकवला. माझा लांब, सरळ सूर म्हणजे जागच्या जागी बस. तो पक्का झाल्यावर दोन तुटक सूर आले, म्हणजे मेंढ्यांच्या अंगावर पुढे हो. मग डावीकडून वळसा, उजवीकडून वळसा.

खरे तर काजळीपेक्षा जास्त वेळ शेखरला लागला. मेंढ्या फुटल्या की तो धावत सुटायचा आणि भलतेच वाजवायचा. सोजरबाई बांधावरून ओरडत, "कुत्रीकडं काय बघतूस? मेंढीच्या कानाकडं बघ. कान फिरला की ती निघालीच."

हळूहळू त्याला कान दिसू लागले. मेंढी पळायच्या आधी त्याचा श्वास माझ्यात शिरू लागला. या एवढ्याशा गोष्टीला दोन वर्षे लागली, आणि तिथून पुढे ती दोघे एकाच अंगाची असल्यासारखी काम करू लागली.

पहिल्याच स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. शेखरचे मामा यशवंतराव यांनी त्याला फेटा बांधला आणि चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर मामा मोठे, शेखर मध्यम आणि काजळी कोपऱ्यात होती. मी दिसत नव्हते, पण मला त्याचे काही वाटले नाही.

मामांच्या दावणीला शर्यतीचे बैल आहेत. बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सुटला की हलगी कडाडते, भंडारा उधळतो, माणसे बेभान होतात. त्याशिवाय नंबर लागतो यावर मामांचा विश्वास नाही. पुढच्या वर्षी ते दोन जीप भरून माणसे, हलगीवाले आणि भंडाऱ्याची पोती घेऊन आले.

"मागल्या साली पार मयताला आल्यागत गप उभी हुती माणसं," मामा म्हणाले. "म्हणून पहिला नंबर हुकला. औंदा बघ."

मेंढीला आवाज चालत नाही, हे शेखरला पक्के ठाऊक होते. पूनम त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "मामांना सांगा की गप्प राहा म्हणून."

"एवढ्या लोकांत मामांना गप्प बसा म्हणू?"

"मग मी सांगते."

"तू नको सांगूस, त्यांना ते जास्त लागेल."

कोणीच सांगितले नाही.

त्या दिवशी मेंढ्या सोजरबाईंच्या होत्या. काजळीने त्या लांबून सुरेख आणल्या. शेवटी त्यांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालायचे होते. मेंढ्या दाराशी आल्या आणि हलगी कडाडली. मामांनी भंडाऱ्याची पहिली मूठ शेखरच्या डोक्यावर उधळली. मेंढ्या बिथरून दाराच्या खांबाशी दाटल्या. शेखरने काजळीला बसवण्यासाठी लांब सूर काढला. त्याच्या तोंडात भंडाऱ्याची हळद गेली होती, माझे भोक तिने भरले होते. सूर मधेच तुटला. एकाचे दोन झाले.

दोन तुटक सूर म्हणजे पुढे हो. काजळी पुढे झाली. मेंढ्या एकमेकींवर चढल्या आणि एका मेंढीचा पाय खांबाच्या फटीत मोडला. तो आवाज हलगीतूनही ऐकू आला.

देहूरोडचे निवृत्त सुभेदार अर्जुनराव पंच होते. लष्करात त्यांनी कुत्री सांभाळली होती. ते शांतपणे शेखरजवळ आले. "एकच विचारतो. हुकूम चुकला, की कुत्रीनं मोडला? मोडला असेल, तर तिला पुन्हा मेंढ्यांत उतरवता येणार नाही. नियम आहे."

शेखरने मला तोंडातून काढून मुठीत धरले. मामा बघत होते, सगळे गाव बघत होते.

"कुत्रीनं ऐकलं नाही," तो म्हणाला.

त्याच्या मुठीत मी ओली आणि पिवळी झाले होते. काजळी त्याच्या पायाशी बसून पुढच्या हुकमाची वाट बघत होती. सोजरबाई मेंढीचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकदा शेखरकडे पाहिले आणि नजर वळवली. त्या नजरेने मला जेवढी लाज वाटली, तेवढी भंगाराच्या पिंपातही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामांनी एका कंपनीच्या गेटवर काजळीची सोय लावली. तिथे तिला राखणीसाठी साखळीला बांधून ठेवणार होते. पिकअप दारात आली, पण काजळी गाडीवाल्या माणसांच्या हाती लागेना. ती मागच्या शेतात जाऊन उभी राहिली.

"शेखर, बोलव तिला," मामा म्हणाले.

शेखरने मला धुऊन जिभेवर ठेवले. त्याने वाजवले आणि काजळी सरळ धावत आली. ती गाडीच्या फाळक्याजवळ पोचताच त्याने लांब सूर काढला. ती होती तिथे, चिखलात, पोट टेकून बसली. दोन परके हात तिच्या गळ्याकडे आले, तरी ती हलली नाही. तिचे डोळे शेखरवर होते.

"च्यायला," मामा म्हणाले, "ही तर ऐकती की रं."

"काल पण ऐकतच होती, मामा." शेखर म्हणाला. "माझी शिट्टी तुटली. मी पुढे हो वाजवलं, म्हणून ती पुढे झाली. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

"मग काल का न्हाई बोललास?"

"तुम्ही बघत होतात."

मामा फेट्याचे टोक उगीच सारखे करत राहिले. मग त्यांनी गाडीवाल्याला हाताने जा म्हटले आणि चहा न घेता निघून गेले. शेखरने अर्जुनरावांना फोन करून खरे काय ते सांगितले. काजळीचे नाव स्पर्धेत राहिले आणि खोटे बोलल्याबद्दल शेखरला वर्षभर मैदानात उतरायला बंदी झाली. तो सोजरबाईंकडेही गेला. त्या म्हणाल्या, "मेंढीचा पाय धर आदी, पट्टी बांधायची हाय. बोलायचं मागनं."

आता तो पुन्हा रोज प्लॉटवर जातो. पण माझा हुकूम ऐकून बसल्यावर परके हात गळ्याकडे आले, तेव्हापासून मी वाजले की काजळी आधी मागे वळून त्याच्याकडे बघते आणि मगच निघते. त्या एका क्षणात मेंढ्या फुटतात. तिच्या मनातली ही शंका काढण्यासाठी त्याने पुन्हा लांब दोरी बांधली आहे आणि पहिल्या हुकमापासून सुरुवात केली आहे. किती दिवस लागतील हे त्यालाही माहीत नाही.

मित्रांनो, मला वापरल्यावर धुऊन, पुसून ठेवायला हवे, हे तर आहेच. पण कधी तुमच्या सांगण्यावरून कोणी धावत गेले आणि त्यातून काही मोडले, तर लोक विचारतील तेव्हा लगेच, तिथेच, आपले नाव सांगा. एक दिवस उशीर झाला, तरी तुमच्यावर विश्वास ठेवणारे आधी मागे वळून बघू लागतात.